सीटखालचा चिमटा

शेडचं दार उघडलं आणि वास असा अंगावर आला की मी दोन पावलं मागे सरकले. कुजलेलं गवत, शिळं पेट्रोल, उंदराचं मूत आणि कुठल्या तरी कोपऱ्यात विसरलेला जेवणाचा डबा. चार महिने हे दार बंद होतं. शेवटची कापणी झाली त्या दिवशी मी दादाला म्हटलं होतं, गाडी धुऊन ठेव. दादा म्हणाला होता, उद्या धुतो. दादाचा उद्या हा असा असतो.

"नकटे, एवढ्याशा नाकाला एवढा वास येतो तरी कसा?" दादा मागून म्हणाला आणि स्वतःच हसला. हा विनोद मी सात वर्षांची असल्यापासून ऐकते आहे.

दादा माझा थोरला भाऊ. वसतिगृहामागचं मैदान आणि त्याला लागून कालव्याकडे उतरत जाणारा गवताचा पट्टा, या दोन्हींचं गवत कापायचं काम वीस वर्षं आमच्याकडे आहे. काम दादाच्या नावावर, गाडीही दादाची. गाडी म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. पुढे इंजिन, मध्ये सीट आणि पोटाखाली गरगरणारी दोन पाती. आधी ती माझा नवरा चालवायचा. मी मागून कडा कापायची आणि दाताळ्याने गवत ओढायची, अजूनही तेच करते. तीन वर्षांपूर्वी, आम्ही नव्या घरात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, उतारावर त्याचा उजवा पाय गाडीखाली गेला. पुढचं अर्धं पाऊल गेलं. दवाखान्यात गुंगीत तो एकच बडबडत होता, थांबलंच नाही, थांबलंच नाही. मला वाटलं, रक्ताबद्दल बोलतोय.

तेव्हापासून गाडी दादाकडे. आता दादाची कंबर धरली, म्हणून आज माझे जावई पहिल्यांदा सीटवर बसणार होते.

सकाळी निघताना लेकीने मला दारात अडवलं. तिला सातवा महिना लागलाय. ती म्हणाली, "आई, बाबांचं झालं तसं याचं व्हायला नको. तू तिथेच उभी राहा. मामावर सोडू नकोस."

"तुझे बाबा धांदरट म्हणून झालं ते," मी म्हणाले. "तुझा नवरा धांदरट नाही."

मी हे काही लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. तीन वर्षांत ते इतक्या वेळा बोलून झालं होतं की जीभ आपोआप तिकडे वळायची. नवरा आत खुर्चीत पेपर वाचत बसला होता. त्याने पान उलटलं आणि मान वर न करता जावयांना म्हणाला, "बसण्याआधी सीट उचलून बघा."

"आता तुम्ही शिकवा," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

जावई आधी लिफ्ट दुरुस्त करायचे. कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं आणि त्यांच्यासकट अकरा जणांना घरी बसवलं. माणूस हळू आहे. चहासुद्धा असा पितात की समोरच्याचा दुसरा कप होतो. दादाला त्यांचा हा हळूपणा सहन होत नाही. मलाही फारसा होत नाही, पण त्यांची नखं स्वच्छ असतात आणि ते जेवताना आवाज करत नाहीत, एवढ्यावर मी त्यांना बरंच माफ केलं आहे.

दादा पेट्रोलचा कॅन घेऊन शेडमध्ये शिरला. ओठात सिगारेट होती, पेटवलेली नव्हती एवढंच. जावई म्हणाले, "मामा, आधी गाडी बाहेर घेऊ. आत नको भरायला."

"बाहेर काय वेगळं पेट्रोल लागतं?" दादा म्हणाला.

"वाफ कोंडते आत. आणि आधीचं शिळं काढून टाकावं लागेल. चार महिने झाले ना."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच हे जावई बाजारातून निवडून आणले होते. आम्ही तिघांनी गाडी ढकलत बाहेर काढली. चाकात हवा नव्हती, त्यामुळे ती फतकल मारल्यासारखी चालत होती. उन्हात आल्यावर तिची खरी कळा दिसली. बॉनेटवर कबुतरांनी चार महिने कार्यक्रम केला होता. सीटच्या फाटक्या कातड्यातून पिवळा स्पंज बाहेर आला होता आणि त्या स्पंजात दादाच्या घामाचा डाग होता, नकाशासारखा, कडा काळ्या पडलेला. इथे माझा जावई बसणार, या विचारानेच माझ्या अंगावर काटा आला. मी घरून आणलेलं जुनं चादरीचं कापड सीटवर टाकलं.

"राजा बसणार आहे का?" दादा म्हणाला.

जावयांनी हातमोजे चढवले आणि पहिलं काम केलं ते प्लगची वायर ओढून काढायचं. ती बाजूला बांधून ठेवत म्हणाले, "आता चुकून कोणी किल्ली फिरवली तरी पातं हलणार नाही. हात घालण्याआधी हे पाहिजेच." दादा वीस वर्षं नुसता हात घालत आला होता.

मग त्यांनी बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार मांडला होता. कापसाचे पिंजलेले गोळे, कागदाचे तुकडे, दादाच्या बनियनची एक चिंधी, काळ्या लेंड्या आणि सगळ्यांच्या मधोमध एक वाळून चपटा झालेला उंदीर. मी पदराने नाक दाबलं. दादाने तो शेपटीला धरून उचलला, कुंपणापलीकडे भिरकावला आणि त्याच हाताने खिशातून बिस्किटाचा पुडा काढून माझ्यापुढे धरला.

"घे."

"दादा, हात धू."

"कोरडा होता तो," दादा म्हणाला आणि बिस्किट खाल्लं. हा माणूस माझ्याच आईच्या पोटी जन्मला, हे मला अधूनमधून पटत नाही.

पण खरी घाण गाडीच्या पोटाखाली होती. पात्यांवर उलट्या परातीसारखं पत्र्याचं झाकण असतं. कापलेलं ओलं गवत त्याला आतून चिकटत जातं. ते दर वेळी खरवडून काढायचं असतं, म्हणजे दादाने ते कधीच काढलेलं नसतं. जावयांनी पुढची चाकं फळीवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि लाकडी पट्टीने खरवडायला घेतलं. पहिला थर पडला तो शेणाच्या पोहासारखा थपकन पडला. वरून काळा, आतून हिरवट, आणि त्याच्या आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दुसऱ्या थरात प्लास्टिकची पिशवी, तिसऱ्यात कुणाचा तरी केसांचा गुंता. त्याचा वास कसा होता ते मी सांगणार नाही. मी कुंपणापाशी जाऊन दोन वेळा ओकारी काढली, पोटात काही नव्हतं म्हणून काही पडलं नाही.

"नाजूक प्रकृती," दादा जावयांना म्हणाला. "हिच्या नवऱ्याचा पाय धुवायची तेव्हासुद्धा असंच करायची."

हे खरं होतं. म्हणूनच मला ते जास्त झोंबलं. पायाची ती जागा कायम चिरते, रोज दुपारी कोमट पाण्यात धरून मलम लावावं लागतं. पहिले सहा महिने मी ते केलं, तोंड फिरवून. ती गुलाबी, सुरकुतलेली, बोटं नसलेली कड हाताला लागली की मला शिसारी यायची. एक दिवस मला उमासा आवरला नाही आणि मी त्याच्यासमोरच तोंडावर हात धरून उठले. दुसऱ्या दिवसापासून तो टब घेऊन न्हाणीघरात जायला लागला आणि आतून कडी लावून घ्यायला लागला. मी त्याला कधी विचारलं नाही. सुटले, असंच मला वाटलं होतं.

झाकण साफ झालं तसं जावयांनी पाती हाताने हलवून बघितली, नट घट्ट केले, इंजिनचं तेल पट्टी बुडवून पाहिलं. तेल डांबरासारखं झालं होतं, ते बदललं. शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं, सांडलेले दोन थेंब पुसले आणि कॅन लांब नेऊन ठेवला. चाकांत हवा भरली. यात दहा वाजले. दादाने तोवर चार वेळा घड्याळ पाहिलं आणि पाच वेळा सांगितलं की मी एवढ्या वेळात अर्धं मैदान कापलं असतं.

"आता मैदान फिरून येऊ," जावई म्हणाले.

"फिरून? फिरायला आलोत का आपण?"

"दगड, तारा, बाटल्या उचलायला, मामा. पात्याखालून दगड सुटला की गोळीसारखा जातो."

मी बादली आणि चिमटाकाठी घेतली आणि आम्ही दोघं निघालो. दादा सावलीत बसला. वसतिगृहात तीनशे शिकलेली माणसं राहतात, आणि ती काय काय खिडकीतून खाली टाकतात हे मला विचारा. हाडं, फुटके कप, जखमेच्या वापरलेल्या पट्ट्या, विंचरून काढलेले केस, एक बुळबुळीत मोजा ज्यात गोगलगाय शिरली होती. शिवाय कुत्र्यांची देणगी सगळीकडे. एका ठिकाणी गवतात लपलेली हातभर तार सापडली. जावयांनी ती गुंडाळून बादलीत टाकली आणि म्हणाले, "ही पात्यात गेली असती तर?" मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस हळू असला तरी लेकीने डोळे उघडे ठेवून केलाय.

परत आलो तर दादा गाडीला टेकून उभा होता. "झाली पाहणी? आता किल्ली फिरवा एकदाची."

"एक मिनिट," जावई म्हणाले. "बाबांनी सीट उचलून बघायला सांगितलंय."

त्यांनी माझं चादरीचं कापड बाजूला केलं, सीट पुढे उलटवली आणि वाकून पाहिलं. मग वाकलेलेच राहिले. मला वाटलं आणखी एक उंदीर. मी नाक धरूनच पुढे झाले.

सीटखाली बोटाच्या पेराएवढं एक काळं बटण होतं, आणि त्या बटणावर कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावलेला होता. बटण पूर्ण आत दाबलं जाईल असा बेताने बसवलेला. चिमट्याची स्प्रिंग गंजली होती आणि त्याच्यावर ग्रीस, धूळ आणि गवताचा भुसा यांचं साल चढलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"माणूस सीटवर आहे की नाही ते या बटणाने कळतं," जावई म्हणाले. "आपण बसलो की ते दाबलं जातं. उठलो की सुटतं, आणि पाती फिरत असली तर इंजिन बंद होतं, पाती थांबतात. लिफ्टचं दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही ना, तसंच. हा चिमटा लावल्यावर गाडीला वाटणार, माणूस बसलेलाच आहे. तो पडला तरी, उतरला तरी."

"काढू नका तो," दादा मागून म्हणाला. आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. "ती माझी आयडिया आहे. खड्ड्यातून गाडी जरा उडाली की इंजिन बंद. कागद उचलायला उतरलं की इंजिन बंद. दिवसातून चाळीस वेळा काय किल्ली फिरवत बसायचं? इतकी वर्षं आहे तिथे, काही बिघडलं का?"

मी चिमट्याकडे बघत होते. निळे चिमटे. मी बाराचा संच घेतला होता आणि अकराच उरले होते. बारावा नवऱ्याने हरवला म्हणून मी त्याला बोलले होते.

"हा माझा चिमटा आहे," मी म्हणाले.

"तुझाच," दादा हसला. "तुमचं सामान टेम्पोत चढवताना चिमट्यांची पिशवी फुटली नव्हती का? सगळे रस्त्यावर. गोळा केले तेव्हा एक माझ्या खिशात राहिला. तू त्या दिवशी नव्या घरात कपाटं लावत बसलीस, तुझा नवरा खाट जोडत होता, म्हणून दुपारी मैदान मला मारावं लागलं. दहा वेळा इंजिन बंद पडलं. वैतागलो. खिशात हात घातला तर हा. लावून टाकला."

दादा आणखी हसण्याच्या तयारीत होता. आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघून तो थांबला.

आम्ही त्या दिवशी घर बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा कामावर गेला. नव्या घरात तो दोन्ही पायांवर एकच दिवस चालला होता.

जावयांनी माझ्याकडे न बघता चिमटा काढला. तो सहज निघाला नाही, बटणाला चिकटला होता. काढल्यावर बटण हळूच वर आलं. त्यांनी ते पुसलं, दोन-तीन वेळा दाबून सोडून पाहिलं, सीट खाली केली. मी हात पुढे केला तर त्यांनी चिमटा माझ्या हातावर ठेवला. तेलकट होता. एरवी मी तो टाकून दिला असता. मी मूठ मिटली.

"तुम्ही सुरू करा," मी त्यांना म्हणाले.

त्यांनी प्लगची वायर परत जोडली. सीटवर बसले. पात्यांचा दांडा बंद आहे ना ते हाताने चाचपलं, ब्रेक तळापर्यंत दाबला, चोक ओढला, किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा धरली. निळा धूर सुटला, मग तो पातळ झाला. त्यांनी चोक हळूहळू आत ढकलला आणि दोन मिनिटं नुसतं इंजिन तापू दिलं. मला हात दाखवून मागे, आणखी मागे जायला सांगितलं. मग पाती सुरू केली. तो आवाज मला ओळखीचा आहे, तरी मी आणखी एक पाऊल मागे गेले.

"आता बघा," ते ओरडून म्हणाले, आणि गाडी जागच्या जागी उभी असताना सीटवरून ढुंगण उचललं.

इंजिन तिथेच बंद पडलं. पाती अजून घरघरत होती. मी मोजलं. एक. दोन. तीन. चार. मग शांत.

"चार सेकंद," जावई म्हणाले. "पाचच्या आत पाहिजे."

डॉक्टरांनी तेव्हा नवऱ्याला विचारलं होतं, नेमकं कसं झालं. तो म्हणाला होता, ओल्या गवतावर गाडी घसरायला लागली म्हणून मी उतरलो, पडलो, पाय गाडीच्या पायरीखाली अडकला. गाडी हळूहळू अंगावर येत होती. मी पाय ओढत होतो. दहा-बारा आकडे मोजता येतील इतका वेळ ओढत होतो. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी माणसाला वेळ लांब वाटतो. दादा म्हणाला, उतरला आणि सरळ पाय आत घातला, दुसरं काय. आणि मी दादाचं खरं धरलं.

दहा-बारा आकडे. चारला सगळं थांबलं असतं.

"दादा," मी म्हणाले. "ते पडले त्या दिवशी हा इथे होता."

दादाने चिंधी उचलली आणि हात पुसायला लागला. चिंधी हातापेक्षा घाण होती. "अगं, उताराच्या खालच्या अंगाला उतरायचं नसतं. मी शंभरदा सांगितलं होतं त्याला."

"चिमटा होता की नव्हता?"

"असेल. पण त्याचा काय संबंध?"

"त्यांना सांगितलं होतंस?"

"राहून गेलं. सकाळची घाई. तो आला, बसला आणि गेला." मग त्याचा आवाज चढला. "आणि खांद्यावर घालून दवाखान्यात कुणी नेला? मी नेला. माझा शर्ट रक्ताने भिजला होता, तो टाकून द्यावा लागला. ते विसरलीस?"

विसरले नव्हते. तो शर्ट मला आठवत होता. त्या शर्टाला डोकं लावून मी रडले होते आणि म्हटलं होतं, दादा, तू होतास म्हणून वाचले हे.

"आणि नंतर?" मी विचारलं. "नंतर कळलं नाही तुला? तीन वर्षं तूच त्या सीटवर बसलास. त्याच्यावर. एकदाही काढावासा वाटला नाही?"

"बंद पडते गं ती सारखी," दादा म्हणाला.

तो हे अगदी खरं बोलत होता. त्याच्या तोंडावर लाज नव्हती, लपवाछपवी नव्हती, बिस्किटाचा चुरा होता. त्याला कधी काही जाणवलंच नव्हतं. मला उंदराची, अळ्यांची, त्या मोज्याची आली नव्हती इतकी किळस माझ्या सख्ख्या भावाची आली. त्याच्या हाताचीही, जो धरून मी शाळेत गेले होते.

"घरी जा, दादा," मी म्हणाले.

"गाडी माझी आहे."

"किल्ली यांच्याकडे आहे. आणि हे सीटवर बसतात तोवर त्या गाडीला तू हात लावायचा नाहीस. पुढे काम कुणाच्या नावावर ठेवायचं ते सोमवारी वसतिगृहाच्या ऑफिसात जाऊन बघू."

तो जावयांकडे वळला, कुणीतरी आपली बाजू घेईल म्हणून. जावई खाली बघून हातमोजे नीट करत होते. दादा घरून आणलेला जेवणाचा डबा न घेताच गेला. कंबर धरून चालत होता. मला दया आली नाही.

"आई, तुम्ही घरी जा," जावई म्हणाले. "मी आज फक्त सपाटीवर चालवतो. उतार नाही. आणि पाती चालू असताना मागे घेणार नाही, कुणी जवळ आलं तर बंद करीन."

"उठून दाखवा परत एकदा," मी म्हणाले.

त्यांनी ब्रेक दाबून किल्ली फिरवली, पाती लावली आणि उठले. इंजिन बंद पडलं. मी चारपर्यंत मोजलं आणि निघाले.

रस्ता वीस मिनिटांचा आहे. त्या वीस मिनिटांत मला दादा आठवला नाही. मी आठवले. धांदरट. लक्ष नसतं. स्वतःचा पाय सांभाळता आला नाही आणि चालले शिकवायला. पाहुण्यांसमोर म्हटलेलं, शेजारणीला फोनवर सांगितलेलं, लेकीला सांगितलेलं, तो शेजारच्या खोलीत असताना. आणि तो मिठाची गुळणी धरून बसलेला. माझ्या कपड्यांना हिरवट वास येत होता, हातात तेलकट चिमटा होता, आणि मला माझीच इतकी घाण वाटत होती की एका भिंतीला हात टेकून उभी राहिले.

घरी लेक झोपली होती. पेपर खुर्चीवर घडी घालून ठेवला होता. न्हाणीघराचं दार बंद होतं, आतून पाण्याचा आवाज येत होता. दुपारची वेळ झाली होती.

मी दार वाजवलं. "उघडा."

आवाज थांबला. "झालंच. दोन मिनिटं."

"उघडा म्हणते."

कडी निघाली. तो स्टुलावर बसला होता, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, उजवा पाय टबात. मला बघून त्याने घाईने टॉवेल पायावर ओढला, माणूस दुसऱ्याला नको ते दिसू नये म्हणून ओढतो तसा. मी मूठ उघडून चिमटा दाखवला. त्याने तो ओळखला.

"काढला त्यांनी?" तो म्हणाला.

"काढला. गाडी नीट चालू आहे. उठलं की बंद पडते." मी खाली बसले. फरशी ओली होती. "तुम्हाला माहीत होतं."

"मी खाली पडलो आणि ती चालूच राहिली. रोज सकाळी मी तपासायचो ते बटण. त्या दिवशी नाही तपासलं. आदल्या दिवशी मी घरी सामान लावत होतो, माझ्याशिवाय गाडीवर कोण बसलं असणार, असं वाटलं." त्याने पाण्यात बोट फिरवलं. "पुढे दोन महिन्यांनी कुबड्या घेऊन शेडमध्ये गेलो, तेव्हा सीट उचलून पाहिली."

"मग बोलला का नाहीत? काढला का नाहीत?"

"काढला होता. दादाने दुसऱ्या दिवशी परत लावला. तोच. आणि कुणाला सांगणार होतो? तू त्याच्या गळ्यात पडून रडत होतीस. तुला भाऊ एकच आहे."

"मी तुम्हाला तीन वर्षं धांदरट म्हणत्ये."

"हो," तो म्हणाला. "ते ऐकू यायचं."

तो रागाने म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. मी चिमटा कचऱ्याच्या डब्यात टाकला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा, नखांतून. मग टॉवेल बाजूला केला. त्याने माझं मनगट धरलं.

"राहू दे. तुला होत नाही."

"होत नाही," मी म्हणाले. "सोडा."

त्याने सोडलं. मी पाय टबातून उचलून मांडीवर घेतला आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. कड गुलाबी होती, मधोमध चीर पडलेली, चिरेत गेल्या कित्येक दिवसांचं मलम पांढरं साचून राहिलेलं. वाकून त्याला तिथपर्यंत नीट पोचताच येत नसणार. वास येत होता. माझ्या पोटात ढवळलं, घशापर्यंत आलं. मी गिळलं आणि बोटाने ती चीर धुवायला लागले.

"पाणी गार झालंय," थोड्या वेळाने तो म्हणाला.

मी उठले, कोमट पाणी आणलं आणि परत बसले.